कोनाड्यातली साखर

अनुराधा, तुझ्या मागच्या पत्रात सगळ्यात खाली, सही करून झाल्यावर, तू एक ओळ लिहिली होतीस : "काकू अजून तुझ्या जेवणात साखर घालते का?" शेखरने त्या ओळीखाली कवटी आणि दोन हाडं काढली होती. चित्र चांगलं होतं. ते पाहिल्यावर मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही.

हे तुमच्या मनात मीच घातलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी तुमच्या बाबांना, प्रभाकरला, निळ्या हवाई कागदावर एक पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही वाचलं असणार. नंतर दुसरंही पाठवलं, 'मागचे लिहिणे मनावर घेऊ नये' असं. पण आरोप दोन पानी होता आणि माघार दीड ओळीची. इंग्लंडात बसून तुम्ही कशावर विश्वास ठेवाल ते उघड आहे.

म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेला नुकताच मधुमेह निघाला आहे, तिलाही या कागदांची एक नक्कल देणार आहे. औषधाचं तिला डॉक्टर सांगतील. मी कुठे चुकले ते मीच सांगायला हवं.

मुंग्या

दुष्काळ सरून पाऊसपाणी पुन्हा ठीक झालं होतं. मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. जिंतूरच्या घरात आम्ही तिघंच : मी, कचेरीत नोकरी करणारा तुमचा वसंताकाका आणि त्याची बायको सुशीला, म्हणजे तुमची काकू. मला ती आत्याबाई म्हणते; इकडे सासूला तसंच म्हणतात. ती चुडाव्याची. तिचे वडील तिथल्या रेल्वे स्टेशनवर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलणारे. शिक्षण चौथीपर्यंत. वसंताने ही मुलगी पसंत केली तेव्हा मी काही बोलले नव्हते, आणि माझं न बोलणं कसलं असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा उठावं लागे. अंगावरची चोळी सैल झाली. मी म्हटलं, उन्हाळा आहे. टाचेला चपलेने लागलेलं महिनाभर भरेना. मी म्हटलं, वय आहे. दर गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं.

एक दिवस सुशीला मोरी धुता धुता म्हणाली, "आत्याबाई, मोरीत मुंग्या लय व्हायल्यात. तुमी जाऊन आलाव की येतेत."

मला वाटलं, ही मला अस्वच्छ म्हणते आहे. मी म्हटलं, "पाणी जास्त टाकत जा."

"पानी टाकलं. तुमच्याच वक्ताला येतेत म्हनून म्हनलं."

तिने ते वसंताला सांगितलं आणि वसंताने मला एसटीत बसवून परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते एका वाक्यात होतं. मी इंग्रजीत विचारलं, त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, आणि वसंता मधे बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "साखरेची बिमारी. फार काही नाही." माझे पाय मात्र पायरी शोधत होते. माझे वडील याच आजाराने गेले होते. आधी एक बोट, मग पाऊल, मग ते.

दवाखान्यातले दहा दिवस

मला दहा दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला बाटलीत लघवी द्यायची. सिस्टर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायच्या, त्यात आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायच्या. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी, असा रंग चढेल तशी साखर जास्त. माझं विटकरी असायचं. मला ती पद्धत फार आवडली. तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. रोज सकाळी निकाल लावणारा आजार माझ्या स्वभावाला मानवणारा होता.

सुई टोचून घ्यायची भीती तिसऱ्या दिवशी गेली. खरी भीती संध्याकाळी यायची, भेटणारी माणसं गेली की. तेव्हा मी पाय पांघरुणातून बाहेर काढून बोटं मोजायची. दहा भरली की झोप लागायची.

त्या दवाखान्यात एक रीत होती. रोज दुपारी चार वाजता सिस्टर व्हरांड्यात सतरंजी टाकायच्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांना खाली बसवून समजावून सांगायच्या. त्या केरळच्या, मराठी मोडकं. सुशीला रोज डबा घेऊन यायची आणि चारला त्या सतरंजीवर जाऊन बसायची. सिस्टरनी एकदा मलाही बोलावलं, "अम्मा, तुम्ही पण बसा. पेशंटनी बसलं की चांगलं असते."

मी म्हटलं, "मला लिहिलेलं द्या. मी वाचीन."

त्यांनी मराठीतला एक कागद पुढे केला. सायक्लोस्टाइलवर काढलेला, शाई पसरलेली, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला, पहिल्या ओळीतच शुद्धलेखनाच्या दोन चुका. मी तो परत दिला. "इंग्रजीत असेल ते द्या."

सिस्टरनी तो बाजूला ठेवला. मग कपाटातून त्यांनी एक गुळगुळीत रंगीत पान काढून दिलं. कुठल्याशा औषध कंपनीचं होतं, एकाच बाजूला छापलेलं. काय खावं, काय खाऊ नये, एवढंच. मुलांनो, आमच्या काळी निजामाच्या राज्यात मुलीने हैदराबादला राहून इंग्रजी शिकणं ही मोठी गोष्ट होती. जिंतुरात कोणाची तार आली तरी वाचायला माझ्याकडे आणत, कारण इंग्रजीत लिहिलेलं म्हणजे सरकारचं आणि खरं. इतरांची ती समजूत मला हास्यास्पद वाटायची. माझी स्वतःचीही तीच होती हे मला माहीत नव्हतं.

नको म्हटलेला मराठी कागद सुशीलेने मागून घेतला. ते मी पाहिलं होतं. मनात म्हटलं, चौथी शिकलेलीला तोच बरा.

रंग

घरी आल्यावर मी सगळं शिस्तीत लावलं. इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात. काचेची सिरिंज रोज उकळायची. काचेची नळी, चिमटा, दिवा. इंग्रजी पानाचं मी सुंदर मराठी भाषांतर केलं आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीला डकवलं. त्यात केक नको होता, मुरांबा नको होता, पांढरा पाव एक चकती होता. ज्वारीच्या भाकरीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणून मी भाकरी निर्दोष ठरवली आणि रात्री अडीच-अडीच खाऊ लागले.

सकाळी रंग नारिंगी.

मी गोड शिवत नव्हते. चहा बिनसाखरेचा. तरी नारिंगी. दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी नारिंगी. निळं औषध खोटं बोलणार नाही, मी खोटं बोलत नाही. मग उरलं कोण?

शक कसा शिरतो ते सांगते, कारण औषधांच्या कागदावर ते नसतं. तो एकदम शिरत नाही. आधी तो फक्त बघायला लागतो. सुशीला आमटी करताना माझ्याकडे पाठ का करते? वसंता घरात आला की ती आवाज का उतरवते? मी स्वयंपाकघरात गेले की कागदाची सळसळ एकदम का थांबते? मी साखरेच्या बरणीवर बाहेरून पेन्सिलीने बारीक रेघ मारली. चार दिवसांत साखर रेघेच्या बोटभर खाली गेली. घरात साखरेचा चहा पिणारी दोन माणसं, आणि त्यांच्या चहाला किती लागते ते मला ठाऊक होतं. मी गुळाच्या डब्याच्या झाकणाला एक केस चिकटवून ठेवला. सकाळी केस नव्हता.

आता हसू येतं. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

एकदा सुशीलेने काही सांगायचा प्रयत्न केला होता. मी नळी दिव्यावर धरून बसले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, त्या सिस्टर सांगायलत्या की सकाळची पयली लघवी..."

"मला शिकवू नकोस. मी वाचलंय."

"वाचलं असंल. पन त्या म्हनायलत्या..."

"सुशीला, रंग बघताना बोलू नये."

ती गेली. जाता जाता पुटपुटली, "रंग बघा मग." तेही मी माझ्या बाजूच्या पुराव्यात जमा केलं.

मग एका दुपारी मी पलंगावर पडले होते आणि ओसरीवरून तिचा आवाज आला. वसंताला म्हणत होती, "आत्याबाईला कळू देऊ नका. मी रोज एक ठेवायलेय." पुढचं ऐकू आलं नाही, कारण रस्त्यावरून ट्रक गेला. पुढचं ऐकायची मला गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी झडती घेतली. माझ्या पलंगाच्या उशाशी कोनाडा आहे, तिथे देवाच्या तसबिरीमागे वर्तमानपत्राच्या कागदाची एक घट्ट पुडी सापडली. आत साखर. मोरीच्या फळीवर दुसरी. ओसरीवरच्या माझ्या खुर्चीच्या गादीखाली तिसरी. जिथे जिथे मी बसते-उठते, तिथे तिथे साखर.

मी पुड्या होत्या तशाच ठेवल्या, चोराला सावध करायचं नाही म्हणून. आणि टेबलाशी बसून तुमच्या बाबांना ते पत्र लिहिलं. 'तुझी वहिनी मला हळूहळू मारते आहे. माझ्याकडे पुरावा आहे.' अक्षर अगदी स्वच्छ होतं.

माझा स्वतःचा इलाज

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही कोणाला सांगितल्या नाहीत.

एक : रंग चढला की सिरिंजमध्ये दोन रेघा जास्त घ्यायच्या. मला वाटलं, ही साधी त्रैराशिकाची बाब आहे. साखर जास्त, औषध जास्त. डॉक्टरांनी वाढवायला सांगितलेलं नव्हतं, पण माझ्या घरात काय चाललंय हे डॉक्टरांना कुठे माहीत होतं?

दोन : सुशीलेच्या हातचं शक्य तितकं कमी खायचं. ताटातलं निम्मं मी पदराआड काढून मागच्या दारी गाईला घालू लागले. गाय आनंदात होती.

रंग उतरू लागला. नारिंगीचा पिवळा झाला. मला माझा सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखा वाटला : तिच्या हातचं खाणं कमी केलं आणि साखर उतरली. मी आणखी दोन रेघा वाढवल्या. कधीकधी सकाळी दहाच्या सुमारास हात थरथरत, डोळ्यांपुढे काजवे येत, कारण नसताना रडू फुटे. मी म्हटलं, हेच ते विष. म्हणजे मी आणखी कमी खाल्लं.

वसंता एकदा म्हणाला, "आई, तू उतरलीस गं. काय करायलीस नेमकं?"

"माझं मी बघते."

"सुशीला म्हणती तू जेवत न्हाईस."

"ती काय काय म्हणते ते मला ऐकू येतं," मी म्हटलं. तो गप्प झाला. त्याच्या गप्प होण्याचाही मी अर्थ लावला. त्या महिन्यात या घरात एकही गोष्ट अशी घडली नाही जिचा मी अर्थ लावला नाही.

तो दिवस

त्या दिवसाचं मला सलग आठवत नाही. मला आठवतं तेवढं आधी लिहिते, इतरांनी सांगितलं ते नंतर.

सकाळी मी सुई घेतली. सुशीलेने भाकरी आणि पालेभाजी आणून ठेवली, ती मी गाईला घातली. वसंता कचेरीत गेला. मी खुर्चीत पेपर वाचत बसले. थोड्या वेळाने मथळा वाचला आणि तो कोणत्या भाषेत आहे ते कळेना. चोळी घामाने भिजली होती. समोर अंगणात शाळेच्या मुली ओळीने उभ्या होत्या, त्यांची हजेरी घ्यायची राहिली होती आणि मला एकीचंही नाव येत नव्हतं. अर्थात अंगणात कोणी नव्हतं.

मग सुशीलेचा चेहरा, फार जवळ. तिच्या हातात वाटी. "आत्याबाई, प्या. साखरपानी हाय. प्या आदी."

हे मला लख्ख आठवतं, कारण मला तेव्हा विजय झाल्यासारखं वाटलं होतं. अखेर तिने उघडउघड केलं! मी वाटीला हात मारला. ती फरशीवर पडली. मी म्हटलं, "जहर घालतेस? तोंडाने सांगून जहर घालतेस?" आणि मी दात आवळले. आयुष्यात मी काही घट्ट धरलं असेल तर ते दात. जोपर्यंत मी तोंड उघडत नाही तोपर्यंत मी जिवंत आहे, एवढंच मला कळत होतं.

यापुढचं सांगोवांगीचं. माझे डोळे वर गेले. सुशीलेने गुळाचा खडा पाण्यात कालवून चिखलासारखा केला, डाव्या हाताचं बोट माझ्या गालात घातलं आणि उजव्याने तो गूळ हिरड्यांना चोळत राहिली. मी तिचं बोट चावले. हाडापर्यंत. तिने बोट काढलं नाही. शेजाऱ्याला हाका मारून तिने गावातल्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. ते येईपर्यंत मी कण्हायला लागले होते. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांत मी उठून बसले आणि म्हणाले, "ही फरशी कोणी ओली केली?"

डॉक्टर सुशीलेला म्हणाले, "हा गूळ पोटात गेला नसता तर मला येऊन काय बघावं लागलं असतं ते सांगत नाही."

दोन्ही बाजू

संध्याकाळी वसंताने मला तो मराठी कागद आणून दिला. घड्यांवर फाटलेला आणि हळदीचे डाग पडलेला. मी चष्मा लावून पहिल्यांदा तो वाचला, दोन्ही बाजूंनी.

एका बाजूला होतं : रात्रभर साठलेली लघवी रात्रीच्या जेवणाची साखर दाखवते, म्हणून सकाळची पहिली टाकून द्यावी, अर्ध्या तासाने पुन्हा करावी ती तपासावी. भाकरीचीही शरीरात साखरच होते, ज्वारीची असो की गव्हाची. दुसऱ्या बाजूला होतं : सुई घेतल्यावर जेवण चुकवू नये. डोस आपल्या मनाने वाढवू नये. घाम, थरथर, बडबड, संताप, ओळखीच्या माणसावर संशय, असं दिसलं तर ताबडतोब साखर द्यावी. रुग्ण नको म्हणेल, तरी द्यावी. साखरेच्या पुड्या करून रुग्णाच्या हाताशी ठेवाव्यात.

'संशय' या शब्दात शुद्धलेखनाची चूक होती. मी ती दुरुस्त केली नाही.

पुड्यांचा उलगडा झाला. रेघेखाली गेलेल्या साखरेचाही. मी सुशीलेला हाक मारली. तिच्या बोटाला जाड पट्टी होती. मी विचारलं, "पुड्या ठेवल्यास ते मला सांगितलं का नाहीस?"

"सांगू लागले तर तुमी म्हनल्या, वाचलंय. मला वाटलं खरंच वाचलं असंल, पन मग रोज पयलीच लघवी का तपासायल्यात? म्हनलं यांनी आर्धंच वाचलेलं दिसतंय. आता शिकल्याल्या मानसाला आर्धं वाचलंय असं कोन सांगावं?"

"वसंताला सांगायचं."

"त्यांनी सांगितलं, आई चिडती, तू गुमान पुड्या ठेव." मग ती म्हणाली, "आमचे बाबा म्हनतेत, सिग्नल आर्धा पडला तर तो पडलाच न्हाई असं धरायचं अन् गाडी थांबवायची. आर्ध्या सिग्नलवर गाडी नेली की मानसं मरतेत."

मी चाळीस वर्षांत ऐकलेलं हे सगळ्यात कडक बोलणं होतं, आणि ती ते मला लागावं म्हणून बोलत नव्हती.

परभणीला पुन्हा गेलो तेव्हा चार वाजता मी व्हरांड्यात जाऊन सतरंजीवर बसले. गुडघे फार कुरकुरले. सिस्टर म्हणाल्या, "अम्मा आली, अम्मा!" आणि सरकून जागा करून दिली. माझ्या एका बाजूला वालूरहून आलेला शेतकरी होता, त्याची आई आत खाटेवर होती. दुसऱ्या बाजूला सुशीला. त्या शेतकऱ्याने विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. तो प्रत्येक गोष्टीला विचारायचा, "अन् मग पुढं?" मी पुढं कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून सुई सुशीला देते. माझ्या डोळ्यांना बारीक रेघा नीट दिसत नाहीत हेही तेव्हाच कबूल केलं.

तिने सांगितलेलं

इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं, संपलं. पण ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याला ते दाखवावं, म्हणून काल दुपारी मी सुशीलेला सगळं वाचून दाखवलं. ती गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती. गाईच्या जागी हसली. चावल्याच्या जागी तिने बोटाकडे पाहिलं. त्यावर अजून वण आहे, तुम्ही याल तेव्हा दिसेल.

संपल्यावर ती म्हणाली, "लय चांगलं लिव्हलंव. पन पोरांनी मला देवी समजू नये."

"म्हणजे?"

"तुमी वाटी उडवली, अन् दात आवळले न्हवं?"

"हो."

"तवा मी लगेच गूळ न्हाई आनला." ती शेंगा मोडतच होती. "मी उठले अन् सैपाकघरात जाऊन हुबी ऱ्हायले. म्हनलं, जहर म्हनतीया तर ऱ्हाऊ दे. न्हाई खायचं तर नका खाऊ. तेरा वर्सं झाली मला या घरात. तेरा वर्सं माझ्या हातचं तुमी आदी हुंगून बघायलाव. म्हनलं, आता बसा हुंगत."

 बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"किती वेळ उभी होतीस?" मी विचारलं.  मी आयुष्यभर किती वेळ, किती वाजता, हेच विचारत आले.

"काय म्हाईत. चुलीवर दूध व्हतं. ते वर यायलतं. मी बघायलते की ते वर यायलंय, अन् माझा हात उठंना. मग ते उतू गेलं अन् फस्सदिशी चूल विझली. त्या आवाजानं ध्यानावर आले. डब्यातला गूळ घेतला अन् पळत आले."

"दूध उतू गेलं नसतं तर?"

"तर काय म्हाईत," ती म्हणाली. "मलाच म्हाईत न्हाई तर तुमाला काय सांगू?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं. शेंगेचा शेवट मोडायचा, दोर काढायचा, पाटीत टाकायचं. हात थांबत नव्हते. माझ्या मनात जुनी यंत्रं लगेच सुरू झाली. म्हणजे तेव्हा माझा शक अगदीच... म्हणजे ती दोन मिनिटं तरी... मी ती थांबवली. दोन मिनिटांवरून माणूस ठरवायचं झालं, तर मी त्या दोन महिन्यांवरून ठरेन.

"हे पण लिहू का?" मी विचारलं.

"लिव्हा की. नसता पोरं म्हनतील काकू लय चांगली, अन् इथं आल्यावर मी वरडले की रडतील." मग पाटी उचलून उठता उठता म्हणाली, "त्या प्रभाकरभावजींना पन दावा. त्यांनी दोन दिवाळ्या मला पत्रात नमस्कार न्हाई लिव्हला."

मुलांनो, तुमच्या बाबांना हे वाचायला द्या.

आज सकाळी ती सिरिंज भरून आली. मी ती उजेडात धरायला लावली आणि भिंग लावून रेघ पाहिली. पाहणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. तिनेही ते कधी मनावर घेतलेलं नाही. रेघ बरोबर होती. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे मला काही वाचता आलं नाही, आणि मी अर्थ लावला नाही.

"बघून झालं?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हटलं, आणि दंड पुढे केला.